उभ्या बुलेटमधलं तेल जातं कुठे?

आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की खानदेशात जुन्या बुलेटी बाहेर निघतात. पुण्याला नोकरी करणारा मुलगा गावी येतो, पडवीत ताडपत्रीखाली महिनोन्‌महिने उभी असलेली वडिलांची कास्ट आयर्न बुलेट अंगणात ओढतो, ऑइलची डिपस्टिक काढून बघतो. काडी जवळजवळ कोरडी. लगेच अर्धा लिटर तेल ओततो, किक मारतो, आणि गल्लीभर निळसर-पांढरा धूर होतो. बघायला जमलेल्यांचं निदान तयारच असतं : "गाडी तेल खास भाऊ, रिंगा गयात!" (गाडी तेल खाते, पिस्टनवरच्या कड्या झिजल्या.) मग हेड उतरतं, सिलिंडर आतून घासून मोठा करण्याचा, म्हणजे बोअरचा, खर्च निघतो. अनेकदा रिंगांचा काहीएक दोष नसतो.

गोंधळाचं मूळ एका चांगल्या सल्ल्यात आहे : तेल बघायचं ते सकाळी, इंजिन थंड असताना. बहुतेक चारचाकींना तो लागू पडतो, कारण तिथे सगळं तेल इंजिनच्या तळाशी एकाच ठिकाणी साठतं आणि गाडी उभी राहिली की निथळून तिथेच येतं. जुन्या बुलेटची रचना वेगळी. तिच्यात तेलाची टाकी क्रँकच्या (पिस्टनची खाली-वर हालचाल गोल फिरवणाऱ्या दांड्याच्या) खाली नाही, मागच्या बाजूला आहे. टाकी आणि क्रँकचं चेंबर एकाच ओतकामात, पण मधे भिंत. एक पंप टाकीतून तेल ओढून पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या बिग एंडला, म्हणजे क्रँककडच्या टोकाला, देतो. तिथून ते चेंबरच्या तळाशी गळतं आणि दुसरा पंप ते उचलून परत पाठवतो. या परतीच्या पंपाची ताकद मुद्दाम जास्त ठेवलेली असते, म्हणजे चेंबरमध्ये तेल तुंबत नाही आणि क्रँकवरची जड चाकं, म्हणजे फ्लायव्हील, मोकळ्या हवेत फिरतात. डिपस्टिक फक्त टाकीत बुडते. चेंबरमध्ये काय चाललंय ते तिला कळायचा प्रश्नच नाही.

आता गाडी बंद करून ठेवा. पंप थांबला, पण टाकीतून बिग एंडकडे जाणारी वाट तशीच आहे. तिच्यात आडवी आहे ती फक्त पंपाची डिस्क : आपल्या बैठकीवर स्प्रिंगने दाबून धरलेली एक गुळगुळीत चकती. दोन धातूंचे पृष्ठभाग कितीही घासून बसवले तरी त्यांच्यात सूक्ष्म फट उरतेच, आणि तिच्यातून तेल झिरपतं.

किती झिरपतं, हा माझा आवडता भाग. पॉइझ्यूल नावाच्या फ्रेंच डॉक्टरने 1840 च्या सुमारास, रक्तवाहिन्या डोक्यात ठेवून, बारीक नळ्यांमधल्या प्रवाहाचा अभ्यास केला. नळीची त्रिज्या दुप्पट झाली तर प्रवाह दुप्पट होत नाही, चौपटही नाही, सोळा पट होतो. कारण भिंतीला चिकटलेला द्रवाचा थर हलतच नाही. त्याच्या शेजारचा थर थोडा सरकतो, त्याच्या पुढचा आणखी थोडा. भिंती जितक्या लांब जातील तितका मधला प्रवाह मोकळा होतो. सपाट फटीसाठी हाच हिशोब घनाचा होतो : प्रवाह फटीच्या घनाच्या पटीत वाढतो आणि तेलाच्या दाटपणाच्या व्यस्त प्रमाणात राहतो. म्हणजे झिजून फट दुप्पट झाली की गळती आठ पट. नव्या पंपाला जितकं तेल उतरवायला दोन महिने लागले असते, तितकं आता आठवड्याभरात उतरतं. मागे दाब असतो तो केवळ टाकीतल्या तेलाच्या उंचीचा. दहा सेंटिमीटर उंची धरली तरी तो हवेच्या दाबाच्या शंभराव्या हिश्श्याहून कमी भरेल. पण घाई कोणाला आहे? गाडी पडवीत उभीच आहे.

त्यात आपला उन्हाळा. 20डब्ल्यू-50 तेल 15 अंशांना जितकं दाट असतं, त्याच्या साधारण पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतकंच दाट ते 45 अंशांना राहतं. धुळ्याच्या डिसेंबरातल्या रात्री जागच्या जागी बसून राहणारं तेल जळगावच्या मे महिन्यात त्याच फटीतून पाच-सहा पट वेगाने उतरतं. आठ पटीला पाच पटीने गुणा, म्हणजे आखाजीलाच काडी कोरडी का सापडते ते लक्षात येईल.

तेल गेलेलं नाही, भिंतीपलीकडे बसलं आहे. त्यावर अर्धा लिटर ओतून किक मारली की फ्लायव्हील त्या डबक्यात घुसळू लागतात. तेल सिलिंडरच्या भिंतींवर इतकं उडतं की चांगल्या रिंगांनाही ते निपटून काढता येत नाही, आणि ते वर जाऊन जळतं. उरलेलं पिस्टनच्या खाली-वर होण्याबरोबर ब्रीदरमधून (इंजिनमधली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) बाहेर फेकलं जातं. परतीचा पंप मग सगळं टाकीत आणून ओततो, आणि कोरडी काडी वरच्या खुणेच्याही वर भिजते.

दर अमावास्येला हँडलची लिंबू-मिरची न चुकता बदलणारे लोक ही काडी वर्षातून एकदाही नीट बघत नाहीत. "एक बाटली टाका, इंजिन नवं होईल" म्हणून विकली जाणारी द्रावणंही त्याच पंगतीतली. झिजलेली चकती कोणतीही बाटली भरून काढत नाही.

महिनाभर उभ्या गाडीची काडी बघा, पण लगेच काही ओतू नका. ती पार कोरडी असेल तर पंपाला ओढायलाही तेल नाही. तेव्हा चेंबरखालचा नट सोडून उतरलेलं तेल काढा आणि टाकीत नवं भरा. थोडं जरी दिसत असेल तर गाडी चालू करा, सुरुवातीचा धूर निघू द्या, रेस वाढवू नका. इंजिन चांगलं गरम झालं की सपाट जागी डबल स्टँडवर लावून बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा, काडी पुसून पुन्हा बुडवा. आता जी पातळी दिसेल ती खरी. कमी असेल तर थोडं-थोडं ओतायचं, दर वेळी बघत. तेल बदलतानाही हेच भान हवं. पुस्तकात सव्वादोन लिटर लिहिलंय म्हणून फक्त टाकी रिकामी करून तितकंच ओतलं, तर चेंबरमधलं जुनं तेल वर जमा होतं.

हवेने थंड होणाऱ्या इंजिनात तेल कमी ठेवणंही परवडत नाही. सिलिंडरवरच्या पंख्यांतून (धातूच्या पातळ पात्यांतून, म्हणजे फिन्समधून) उष्णता बाहेर जाते ती पंखा आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर. बाहेर 25 ऐवजी 45 अंश असतील तर तेवढीच उष्णता टाकायला पंख्यांना 20 अंश जास्त तापावं लागतं, आणि आतल्या तेलावरचा भार वाढतो.

एका रात्रीतच काडी कोरडी पडत असेल, तर मात्र पंप उघडून डिस्क बारीक पेस्टने घासून बसवावी लागते. काम स्वस्त आहे, पण स्वतः उभं राहून मेकॅनिकला सगळे भाग रॉकेल किंवा डिझेलमध्ये नीट धुवायला लावा. चुकून राहिलेली पेस्ट तेलाबरोबर निघते आणि तिचा पहिला थांबा बिग एंड असतो.