फिस्कल स्पॉन्सर निवडताना आणि बदलताना

अमेरिकेत राहून गावाकडच्या शाळेसाठी, पाणलोटाच्या कामासाठी किंवा इथल्याच एखाद्या मराठी शाळेसाठी पैसे उभे करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी हे माहितीपत्रक आहे. फिस्कल स्पॉन्सर म्हणजे तुमच्या प्रकल्पासाठी आपल्या नावावर देणग्या स्वीकारणारी, आधीच नोंदणीकृत असलेली संस्था. अशा प्रकल्पांचे हिशेब ठेवणे हे आमच्या छोट्या फर्मचे रोजचे काम.

गरज कधी पडते?

चार मित्रांनी मिळून काम सुरू केले की लवकरच कोणीतरी विचारते, "टॅक्ससाठी रिसीट मिळेल ना?" भारतातल्या संस्थेला थेट दिलेल्या देणगीवर अमेरिकेच्या आयकरात वजावट मिळत नाही. ती हवी असेल तर पैसे ५०१(सी)(३) दर्जाच्या, म्हणजे करमुक्त धर्मादाय म्हणून मान्यता असलेल्या, अमेरिकी संस्थेकडे जावे लागतात. अशी संस्था स्वतः काढता येते. त्यासाठी आयआरएसकडे (अमेरिकेच्या आयकर खात्याकडे) भरायच्या अर्जाची, फॉर्म १०२३ ची, फी ६०० डॉलर आहे, आणि वर्षाला ५०,००० डॉलरपेक्षा जास्त जमा होण्याची अपेक्षा नसेल तर बहुधा १०२३-ईझी हा छोटा अर्ज चालतो, त्याची २७५. पण खरा भार फीचा नसतो. बोर्ड, नियमावली, राज्यातली नोंदणी आणि दरवर्षी आयआरएसला द्यायचे विवरणपत्र, फॉर्म ९९०, हे सगळे मागे लागते. सलग तीन वर्षे ९९० भरायचा राहिला तर दर्जा आपोआप रद्द होतो.

म्हणून पहिली काही वर्षे तरी दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेच्या छत्राखाली काम करावे, असा आमचा सल्ला असतो. ती संस्था म्हणजे तुमचा फिस्कल स्पॉन्सर. देणग्या ती स्वीकारते, रिसीट ती देते, हिशेब ती ठेवते आणि त्याबद्दल जमा रकमेतून साधारण ५ ते १० टक्के घेते.

पैसे कायद्याने कोणाचे?

स्पॉन्सरचे. करारातले दुसरे काही वाचले नाही तरी चालेल, एवढे मात्र समजून घ्या. देणगीदाराने तुमच्या प्रकल्पासाठी दिलेले पैसे त्याच कामावर खर्च करायला स्पॉन्सर बांधील असतो; पण ते बँकेत त्याच्या नावावर असतात आणि ते कसे वापरायचे याचा अंतिम अधिकार त्याच्या बोर्डाकडे असतो. तो अधिकार नुसता कागदावर ठेवला तर आयआरएस वजावटच नाकारू शकते. त्यामुळे "तुमचे पैसे, आम्ही फक्त पुढे पाठवतो" असे सांगणाऱ्या संस्थेपासून लांब राहा.

व्यवस्थेचे दोन प्रकार जास्त दिसतात. 'मॉडेल ए'मध्ये तुमचा प्रकल्प स्पॉन्सरचाच एक विभाग होतो. माणसे त्याच्या पगारपत्रकावर, विमा त्याचा, करार त्याच्या नावाने. 'मॉडेल सी'मध्ये तुमची संस्था वेगळी राहते आणि स्पॉन्सर तिला ग्रँट देतो. पगारी माणूस नेमायचा असेल तर 'ए' सोयीचे, कारण पगार आणि विम्याची यंत्रणा तयार मिळते. सोडताना मात्र तेच जड जाते.

निवडताना

बरेच जण आधी टक्केवारी विचारतात. आम्ही आधी करारातले बाहेर पडण्याचे कलम वाचतो. किती दिवसांची नोटीस? शिल्लक रक्कम दुसऱ्या ५०१(सी)(३) संस्थेकडे जाईल असे स्पष्ट लिहिले आहे का? प्रकल्पाचे नाव, वेबसाइट, फोटो आणि देणगीदारांची यादी कोणाची राहील? हे कलम मोघम असेल तर टक्केवारी कितीही कमी असो, आम्ही सही करू नका असे सांगतो.

मग आयआरएसच्या साइटवर संस्थेचा दर्जा तपासा आणि तिचे मागचे तीन ९९० काढा. ते सर्वांना पाहता येतात. ताळेबंदात एक गोष्ट बघा: देणगीदारांनी विशिष्ट कामासाठी दिलेली रक्कम जेवढी दाखवली आहे, निदान तेवढी रोकड आणि गुंतवणूक शिल्लक आहे का? नसेल, तर प्रकल्पांच्या पैशांवर संस्थेचा घरखर्च चालला असण्याची शक्यता आहे. कॅलिफोर्नियातली इंटरनॅशनल ह्युमॅनिटीज सेंटर ही संस्था २०१२ च्या सुमारास कोसळली, तेव्हा तिच्या छत्राखालच्या दोनशेच्या आसपास प्रकल्पांचे मिळून सुमारे दहा लाख डॉलर अडकले.

संस्था चांगली असूनही बंद होऊ शकते. ओपन कलेक्टिव्ह फाउंडेशनने फेब्रुवारी २०२४ मध्ये काम थांबवत असल्याचे जाहीर केले आणि सहाशेहून अधिक गटांना त्याच वर्षात नवे छत्र शोधावे लागले.

पैसे भारतात जाणार असतील तर

स्पॉन्सरला परदेशी कामाचा अनुभव आहे का, हे पहिल्याच फोनवर विचारा. इथल्या संस्थेकडून गेलेला पैसा भारतात विदेशी देणगी ठरतो. तो घेणाऱ्या संस्थेकडे एफसीआरए (विदेशी देणग्यांबाबतचा भारतीय कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावी लागते. सप्टेंबर २०२० पासून ती संस्था हे पैसे पुढे दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही. म्हणजे पुण्यातल्या मोठ्या संस्थेला पाठवू, ती तालुक्याच्या मंडळाला देईल, हा जुना मार्ग बंद झाला. प्रशासकीय खर्चावर २० टक्क्यांची मर्यादा आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम यात मोडत नाही. पण जमवलेली वर्गणी काकांच्या खात्यावर पाठवायची, ही वाट कृपा करून धरू नका. त्रास तिकडच्या माणसांना होतो.

स्पॉन्सर बदलताना

नव्या स्पॉन्सरची सही झाल्याशिवाय जुन्याला नोटीस देऊ नका. शिल्लक रक्कम तुमच्या हातात येत नाही, एका संस्थेकडून दुसरीकडे जाते, म्हणून दोन्ही बोर्डांची संमती लेखी हवी. कोणत्या देणगीदाराची कोणत्या कामासाठी किती रक्कम उरली आहे, याची यादी त्या कागदाला जोडा. फाउंडेशनची ग्रँट चालू असेल तर त्यांना आधी कळवा. काहींची परवानगी लागते.

आमच्या ग्राहकांत आयटीतली मंडळी खूप, म्हणून एका गोष्टीवर भर देतो: कंपनीचे मॅचिंग, म्हणजे कर्मचाऱ्याच्या देणगीत कंपनीने घातलेली भर. कंपन्या वापरतात त्या बेनेव्हिटीसारख्या ऑनलाइन देणगी यंत्रणेत देणगी स्पॉन्सरच्या ईआयएन क्रमांकाखाली (आयआरएसने संस्थेला दिलेल्या ओळख क्रमांकाखाली) जाते. स्पॉन्सर बदलला की तो क्रमांक बदलतो, पण सहकाऱ्यांच्या पगारातली दरमहाची कपात जुन्याच क्रमांकाकडे जात राहते. कार्डावरच्या मासिक देणग्याही बहुतेक वेळा आपोआप हलत नाहीत. प्रत्येकाला नव्याने नोंदवावे लागते आणि त्यात काही जण गळतात. मोठ्या देणगीदारांना ईमेल पुरत नाही, फोन करा. जुन्या स्पॉन्सरकडे उशिरा येणारे चेक किमान सहा महिने तरी पुढे पाठवले जातील, अशी अट करारात घाला.

बदल नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये करू नका. वर्षअखेरीच्या देणग्या त्याच दिवसांत येतात. फेब्रुवारी ते मे बरा. पगारी माणूस असेल तर त्याचा आरोग्य विमा एक दिवसही खंडित होणार नाही, ही तारीख सगळ्यात आधी पक्की करा आणि बाकीच्या तारखा तिच्याभोवती बसवा.

पहिल्या भेटीला येताना सध्याचा करार, मागच्या बारा महिन्यांचा स्पॉन्सरने दिलेला जमाखर्च आणि चालू ग्रँटची पत्रे आणा. करार हाती नसेल तर स्पॉन्सरकडून प्रत मागवून घ्या.