तोम्स्क
तोम्स्क : रशियातील पश्चिम सायबीरियाच्या आग्नेय भागातील शहर व त्याच नावाच्या प्रांताचे मुख्य ठिकाण. लोकसंख्या पाच लाखांहून अधिक. ओब नदीला मिळणाऱ्या तोम नदीच्या उजव्या काठावर ते वसले आहे.

एउश्ता तातारांचा प्रमुख तोयान याने झारचा आश्रय मागितला. त्यानंतर झार बरीस गदुनोव्हच्या हुकमाने १६०४ मध्ये येथे लाकडी गढी उभी राहिली. गढीच्या टेकडीवरील अग्निशामकांच्या जुन्या टेहळणी बुरुजात आता शहराच्या इतिहासाचे संग्रहालय आहे. मॉस्कोहून पूर्वेकडे जाणारा सायबीरियन महामार्ग येथून जाई. १८०४ मध्ये तोम्स्क प्रांताची राजधानी झाले आणि पुढे सोन्याच्या खाणींमुळे येथील व्यापारी गबर झाले. हद्दपारीची शिक्षा झालेल्यांनाही येथे पाठवत. अराज्यवादी बाकुनिन त्यांपैकीच एक.

शहराचे दैव फिरले ते रेल्वेमुळे. व्यापाऱ्यांनीच रेल्वे नाकारली, अशी आख्यायिका चवीने सांगितली जाते. खरे कारण अभियांत्रिकीचे होते : ओबवर पूल बांधायला अरुंद पात्र आणि खडकाळ तळ असलेली जागा दक्षिणेला सापडली. मुख्य मार्ग तिकडून गेला आणि पुलापाशी वाढलेले नोव्होसिबिर्स्क सायबीरियातील सर्वांत मोठे शहर ठरले. तोम्स्कच्या वाट्याला तायगा स्थानकापासूनचा सुमारे ८० किमी.चा फाटा आला.

तोम्स्ककडे विद्या मात्र राहिली. सायबीरियातील पहिले विद्यापीठ येथेच १८७८ मध्ये मंजूर झाले व १८८८ मध्ये सुरू झाले, तेही केवळ वैद्यक विद्याशाखेसह. स्त्रोगानोव्ह घराण्याचा ग्रंथसंग्रह त्याच्या ग्रंथालयाला लाभला. १९०० मध्ये तंत्रशिक्षण संस्थेचे वर्ग भरू लागले. आजही शहरावर विद्यार्थ्यांचीच छाप आहे.

येथील खरे वैभव म्हणजे लाकडी घरे. खिडक्यांच्या चौकटी, वळचणी, कमानी यांवरील कोरीवकाम इतके नाजूक की जणू लाकडात विणलेली जाळीच. क्रास्नोआर्मेयस्काया रस्त्यावरील ‘अग्निपक्ष्यांचे घर’ आणि व्यापारी गोलोवानोव्ह याचे उंच निमुळत्या छपराचे घर आवर्जून पाहावे असे आहे. जुन्या घरांची निगा राखणे खर्चाचे आहे. अनेक घरे आगीत व दुर्लक्षामुळे नष्ट झाली आहेत.

साखालिन बेटावर जाताना १८९० मध्ये रशियन लेखक अंतोन पाव्हलोविच चेखॉव्ह येथे थांबला आणि शहराला कंटाळवाणे म्हणून मोकळा झाला. तोम्स्ककरांनी २००४ मध्ये, शहराच्या चारशेव्या वर्षी, नदीकाठी त्याचा अनवाणी, बेढब पुतळा उभारून परतफेड केली : ‘खड्ड्यात पडलेल्या दारुड्याच्या नजरेतून दिसलेले अंतोन पाव्हलोविच’.