प्रोग्रेसिव्ह रॉक : वादनकौशल्य आणि चाल

प्रोग्रेसिव्ह रॉक : ब्रिटनमध्ये साधारणपणे १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आकाराला आलेली रॉक संगीताची शाखा. दीर्घ, बहुखंडी रचना, विषम मात्रांचे ताल आणि पाश्चात्त्य अभिजात संगीताचे संस्कार ही तिची परिचित लक्षणे.

तिच्या आरंभाविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ या अल्बमपासून (१९६७) सुरुवात धरतात, इतर काही त्याच वर्षीच्या मूडी ब्लूज या वाद्यमेळाच्या ‘डेज ऑफ फ्यूचर पास्ड’पासून, कारण त्यात वाद्यवृंद आहे. मात्र हा वाद्यवृंद बहुतांशी दोन गाण्यांमधल्या जागा भरतो, गाण्यांच्या घडणीत मुरत नाही. त्यामुळे किंग क्रिम्झन या वाद्यमेळाचा ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिम्झन किंग’ (ऑक्टोबर १९६९) हा अल्बम पहिला परिपक्व नमुना मानणे अधिक सयुक्तिक वाटते. त्यात इयन मॅकडोनल्ड यांनी वाजवलेल्या मेलोट्रॉन या पट्ट्यांच्या वाद्याचा वाटा मोठा आहे. या वाद्याची प्रत्येक पट्टी दाबली की मुद्रित स्वराची फीत फिरते आणि ती सुमारे ८ सेकंदांत संपते. स्वर त्याहून लांबवता येत नाही. वादकाला वेळेत बोट उचलून पुन्हा दाबावे लागते.

वादनकौशल्य आणि चाल यांचे वेगवेगळे मोजमाप करण्याची पद्धत रूढ असली, तरी ती अपुरी आहे. अवघड ताल सुरावटीच्या अंगात किती भिनला आहे, हे आधी ऐकावे. पिंक फ्लॉइड या वाद्यमेळाच्या ‘मनी’ या गाण्यात (१९७३) गायन आणि सॅक्सोफोन सात मात्रांत चालतात, गिटारचे एकलवादन चार मात्रांत येते, तरी ऐकणाऱ्याला मात्रा मोजाव्या लागत नाहीत. जेनेसिस या वाद्यमेळाच्या ‘सपर्स रेडी’ या बहुखंडी रचनेत (१९७२, सुमारे २३ मिनिटे) एका खंडात नऊ मात्रांची ३+२+४ अशी विभागणी बास आणि ड्रम्स धरून ठेवतात, तर टोनी बँक्स यांचे ऑर्गनवादन ती विभागणी न जुमानता वरून वाहत जाते. हा ताण पुरेसा वाढल्यावर पहिल्या खंडाची चाल परतते, आणि मघाच्या साऱ्या पटुत्वाचे प्रयोजन तिथे उलगडते. असे परतणे नसेल, तर लांबलचक एकलवादन कितीही सफाईचे असले तरी सुटे पडते.

ब्रिटनबाहेर इटलीत प्रीमिआता फोर्नेरिआ मार्कोनी या वाद्यमेळाने १९७० च्या दशकात गेय चालींवर भर दिला.