खुलासा : ‘कच्छला कसली आलीय थंडी?’

‘कच्छ म्हणजे वाळवंट, तिथे स्वेटर कशाला?’ हे ऐकून माणसं एका शालीवर भूजची गाडी पकडतात आणि मिठाच्या पांढऱ्या रणाकाठच्या धोरडो गावातल्या तंबूत रात्रभर कुडकुडतात. हा समज साफ चुकीचा आहे. कच्छमधलंच नलिया हिवाळ्यात अनेकदा गुजरातमधलं सर्वांत थंड ठिकाण ठरतं. तिथे पारा 10 अंशांखाली जाणं नवलाचं नाही.

कारण कोरडी हवा. ढग आणि बाष्प ही जमिनीची गोधडी. ती नसली की दिवसभराची ऊब सूर्यास्तानंतर भराभर आकाशात निघून जाते. दुपारी नुसता शर्ट पुरतो, पहाटे दात वाजतात. त्यात पांढऱ्या रणातलं मीठ ऊन परतवतं, म्हणजे जमीन मुळात तापतेच कमी. उत्तरेचा वारा सुटला की अडवायला झाडही नाही.

म्हणून एकच जाड स्वेटर नेऊ नका. अंगालगत थर्मल, त्यावर लोकरी स्वेटर आणि सर्वांत वर वारा अडवणारं जाकीट घाला. लोकरीच्या विणीतून वारा आरपार जातो, हे हमखास विसरलं जातं. कानटोपी हवीच. झोपताना दोन ब्लँकेटं मिळाली तर एक अंगाखाली घ्या. वजनाने दबलेली गादी ऊब धरत नाही आणि खाटेखालून गार हवा खेळत असते.

बंद तंबूत कोळशाची शेगडी मात्र कधीही नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच जीव जातो. निखारे विझत आले तरी हा विषारी वायू निघतच राहतो.