कोंबड्यांना अँटिबायोटिक देताय? आधी पक्षी तोला, मग पाणी मोजा

आमचं पशुऔषधांचं दुकान उघडलं की पहिला प्रश्न बहुतेक हाच असतो: "भाऊ, पक्षी घुरघुर करून राहिले, काहीतरी स्ट्राँग द्या." आम्ही आधी पशुवैद्यकाची चिठ्ठी मागतो आणि वरून चार प्रश्न विचारतो, त्याचा काहींना राग येतो. ते प्रश्न का विचारतो, ते या पत्रकात सांगितलं आहे.

पहिला प्रश्न: रोग कोणता? मानमोडी, गंबोरो हे विषाणूंचे रोग. त्यांच्यावर कोणतंही अँटिबायोटिक चालत नाही. मागून होणारा जंतुसंसर्ग आवरायला डॉक्टर ते लिहून देतात, ती गोष्ट वेगळी. म्हणून दोन-तीन ताजे मेलेले पक्षी डॉक्टरांकडून उघडून बघून घ्या. नागपुरात सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथेही विचारता येईल. पक्षी बर्फात ठेवून न्या. उन्हात चार तास डिक्कीत राहिलेल्या पक्ष्यावरून कोणालाच काही सांगता येत नाही. मरतूक अचानक खूप वाढली तर पक्षी शेडमधून हलवूच नका, जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.

दुसरा प्रश्न वजनाचा, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. औषधाचा डोस पक्ष्याच्या वजनावर ठरतो, बादलीवर नाही. समजा, १००० ब्रॉयलर आहेत आणि सरासरी वजन दीड किलो, म्हणजे १५०० किलो. डॉक्टरांनी एन्रोफ्लॉक्सासिन किलोमागे १० मिलीग्रॅम लिहिलं, तर दिवसाला १५ ग्रॅम औषध लागेल, म्हणजे १० टक्क्यांचं द्रावण १५० मिली. आता हेच औषध "दोन लिटरला एक मिली" या हिशोबाने घातलं तर काय होतं बघा. डिसेंबरात हे पक्षी साधारण २५० लिटर पाणी पितील, औषध जाईल १२५ मिली, म्हणजे कमी. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, पाणी दुप्पट लागलं तर जाईल २५० मिली. पक्षी तेच, बाटली तीच. थंडीत अर्धवट इलाज आणि उन्हाळ्यात दीडपटीहून जास्त मारा. नागपूरच्या उन्हात लिटरचा हिशोब चालत नाही. आदल्या दिवशी शेडला किती पाणी लागलं ते लिहून ठेवा आणि त्यावरून मिसळा.

आजारी पक्षी आधी खाद्य सोडतो, पाणी मात्र बऱ्याचदा पीत राहतो. म्हणून इलाजासाठी पाण्यातून देणं बरं. खाद्यातून दिलं तर ज्याला गरज आहे त्याच्याच पोटात औषध जात नाही. इंजेक्शन थोड्या किंवा मोलाच्या पक्ष्यांसाठी, तेही डॉक्टरांच्या हातून. छातीत चुकीचं टोचलं तर गाठ धरते. एक गोष्ट अनेकांना माहीत नसते: निओमायसिन किंवा जेंटामायसिन तोंडावाटे दिलं तर रक्तात जवळपास उतरत नाही, आतड्यातच राहतं. हगवणीला त्याचा उपयोग होईल, पण छातीच्या घरघरीला होणार नाही.

पाणी कसं आहे, हा तिसरा प्रश्न. बोअरच्या पाण्याने टाकीत पांढरा थर धरत असेल तर ते जड आहे. त्यातला कॅल्शियम ऑक्सिटेट्रासायक्लिन, डॉक्सिसायक्लिनला धरून ठेवतो. औषध पोटात जातं पण अंगी लागत नाही. कॅल्शियमचं टॉनिक त्याच दिवशी देऊ नका. लस देताना दूधपावडर कालवलेली बादली नीट धुतल्याशिवाय वापरू नका. ॲसिडिफायर (पाणी आंबट करणारं औषध) हेही मनाने घालू नका: डॉक्सिसायक्लिनला आंबट पाणी मानवतं, एन्रोफ्लॉक्सासिन मात्र त्यात फाटून खाली बसू शकतं आणि पाणी पिण्याचे निप्पल चोंदतात. ॲमॉक्सिसिलिन पाण्यात फार वेळ टिकत नाही, सकाळ-संध्याकाळ ताजं कालवा. पावडर कालवताना तोंडाला फडकं आणि हातात मोजे असू द्या. ॲमॉक्सिसिलिन पेनिसिलिनच्याच जातीचं आहे, पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या माणसाला ती पावडर बाधते.

थंडीत औषधाआधी तासभर पाणी बंद ठेवता येतं. एप्रिल-मे मध्ये ते करू नका, पक्षी उन्हानेच जातील. पहाटे, ऊन चढायच्या आत औषधाचं पाणी सोडा.

आता दुष्परिणाम. बीट (विष्ठा) पातळ होणं, भूक मंदावणं हे नेहमीचं, कारण आतड्यातले चांगले जंतूही मरतात. लांबलेल्या कोर्सनंतर अन्नपिशवीत बुरशीही धरते. प्रोबायोटिक (चांगल्या जंतूंची पूड) औषधासोबत देऊन पैसे वाया घालवू नका, कोर्स संपल्यावर द्या. सल्फा औषधं जास्त झाली तर मूत्रपिंडावर ताण येतो, आत रक्तस्राव होतो, लेअरची (अंड्यांच्या कोंबड्यांची) अंडी घटतात आणि कवच पातळ पडतं. एन्रोफ्लॉक्सासिनचा अतिरेक वाढत्या पिल्लांच्या सांध्यांना बाधतो.

पण आम्हाला खरी धास्ती टियाम्युलिन या अँटिबायोटिकची वाटते. खाद्यात कॉक्सीसाठी (आतड्यातल्या परजीवींच्या रोगासाठी) सॅलिनोमायसिन किंवा मोनेन्सिन असेल आणि वरून पाण्यात टियाम्युलिन दिलं, तर यकृतात त्या कॉक्सीच्या औषधाचा निचरा होत नाही, ते अंगात साचतं. पक्षी पाय पसरून बसतात आणि भराभर मरतात. मालकाला वाटतं रोग वाढला, म्हणून तो डोस वाढवतो! म्हणून चौथा प्रश्न: खाद्य कोणतं? दोन्ही औषधांमध्ये निदान सात दिवसांचं अंतर हवं.

कोलिस्टिन मागू नका. जुलै २०१९ पासून मांस-दुधासाठी पाळलेल्या जनावरांत आणि कोंबड्यांत त्यावर देशभर बंदी आहे. माणसांच्या शेवटच्या इलाजातलं ते औषध आहे.

औषध दिल्यावर पक्षी-अंडी कधी विकायची ते औषधाच्या लेबलवर बघा. तिथे थांबण्याचा काळ छापलेला नसेल तर नियमाने अंड्यांसाठी किमान ७ दिवस आणि मांसासाठी २८ दिवस थांबावं लागतं. ४० दिवसांत निघणाऱ्या ब्रॉयलरला २८ दिवस म्हणजे बॅचचा बहुतेक काळ, त्यामुळे बिनछापाची स्वस्त पुडी शेवटी महागच पडते. शेडच्या वहीत औषधाचं नाव, बॅच नंबर, सुरू केल्याची आणि बंद केल्याची तारीख लिहा. पक्षी सावरले तरी कोर्स मध्येच सोडू नका, आणि उरलेली बाटली पुढच्या बॅचसाठी माळ्यावर ठेवू नका.

दुकानात येताना डॉक्टरांची चिठ्ठी, पक्ष्यांची संख्या, कालचं सरासरी वजन, कालचं पाणी आणि खाद्याच्या पोत्यावरच्या लेबलचा फोटो घेऊन या. हिशोब आम्ही तुमच्यासमोर मांडून देऊ, त्याचे पैसे नाहीत.