निळा ठिपका आणि राखाडी चौकोन

रेंज गेलेल्या फोनवर नकाशा उघडला की गंमत दिसते. सगळीकडे राखाडी चौकोन, ना रस्ता ना नाव; पण निळा ठिपका मात्र आपल्याबरोबर इमानेइतबारे सरकत असतो. आपण कुठे आहोत हे फोनला ठाऊक आहे, तिथे काय आहे तेवढे ठाऊक नाही. रेंजशिवाय चालणारे ॲप शोधताना जो गोंधळ उडतो त्याचे मूळ या दृश्यात आहे. जागा ओळखणे, नकाशा दाखवणे आणि वाट काढणे ही तीन निरनिराळी कामे. तिन्ही इंटरनेटशिवाय होत होती. नेटची सवय त्यांना नंतर लागली.

पहिले काम उपग्रहांचे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९७३ मध्ये जीपीएसची आखणी केली आणि पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडला. १ सप्टेंबर १९८३ रोजी वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेले कोरियन प्रवासी विमान पाडले गेले, २६९ माणसे मेली. त्यानंतर अध्यक्ष रेगन यांनी ही यंत्रणा पूर्ण झाल्यावर नागरी वापरासाठी खुली राहील असे जाहीर केले. तरीही सामान्यांना मिळणाऱ्या संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे, त्यामुळे जागा शंभरेक मीटरने चुकू शकत होती. मे २००० मध्ये ती भेसळ बंद झाली. गाडी मुख्य रस्त्यावर आहे की शेजारच्या गल्लीत, हे कळू लागले ते तेव्हापासून.

जीपीएसचा चिमुकला रिसीव्हर फक्त ऐकतो, उपग्रहाकडे काहीही पाठवत नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की तो आपली जागा काढतो. मोबाइल टॉवरचा यात संबंध नाही. मग रेंज नसताना ठिपका कधी कधी मिनिटभर का सापडत नाही? प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेचा नेमका तपशील सेकंदाला ५० बिट इतक्या संथ गतीने सांगतो. तो एकदा पुरा ऐकायला तीस सेकंद लागतात, मध्ये झाड किंवा इमारत आली तर पुन्हा पहिल्यापासून. फोन हाच तपशील नेटवरून क्षणात उतरवून घेतात. नेट गेले की जुन्या पद्धतीने कान लावून बसावे लागते. म्हणून आडवाटेला लागण्यापूर्वी, रेंज आहे तोवर, उघड्या आकाशाखाली ॲप एकदा सुरू करून घेतलेले बरे. तो तपशील साधारण चार तास कामाला येतो.

नकाशा यंत्रात भरून गाडीत नेण्याची कल्पना मात्र नागरी जीपीएसच्याही आधीची. होंडाने १९८१ मध्ये जायरोस्कोपवर, म्हणजे गाडीचे वळणे टिपणाऱ्या साधनावर, चालणारे यंत्र आणले होते; त्यात पारदर्शक फिल्मवर छापलेला नकाशा सरकवावा लागे. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात ‘एटॅक’ नावाच्या कंपनीचे यंत्र आले. त्याचा नकाशा कॅसेटवर! चाकांचे फेरे आणि होकायंत्र यांवरून गाडी किती आणि कुठल्या दिशेला सरकली याचा हिशेब करायचा, आणि हिशेब चुकला तर नकाशातल्या जवळच्या रस्त्यावर गाडी आणून बसवायची, अशी त्याची युक्ती होती. नावही झकास निवडले होते. पॅसिफिकमधल्या कॅरोलाइन बेटांवरचे नाविक होडी एका जागी स्थिर आहे आणि बेटेच मागे सरकत आहेत असे मनात धरून दिशा राखतात. त्या पद्धतीचे नाव एटॅक. आज फोनवर बाण जागच्या जागी राहतो आणि खालचा नकाशा फिरतो, तो प्रकार याच घराण्यातला.

ही कंपनी पुढे टेली ॲटलासकडे गेली. रस्त्यांचा डेटा गोळा करणाऱ्या मोजक्याच बड्या कंपन्या जगात होत्या, त्यांत टेली ॲटलास आणि नॅव्हटेक ही दोन मुख्य नावे. काचेला चिकटवायच्या नेव्हिगेशन यंत्रांत नकाशा आधीच भरलेला असे आणि नवा हवा तर पुन्हा पैसे मोजावे लागत. टॉमटॉम कंपनीचे ‘गो’ हे असेच यंत्र २००४ मध्ये आले. २००८ मध्ये टॉमटॉमने टेली ॲटलास घेतली, नोकियाने नॅव्हटेक. नोकियाच्या फोनवर देशाचा नकाशा मेमरी कार्डात भरता येई, आणि जानेवारी २०१० मध्ये तिने मार्गदर्शनही फुकट केले. रेंजशिवाय फोनवर वाट दाखवणे तेव्हाच जमलेले होते, हे आज फारसे कुणाला आठवत नाही.

नेटची सवय आली ती दुसऱ्या बाजूने. २००५ मध्ये गूगल मॅप्स ब्राउझरमध्ये अवतरले. सर्व्हरवर नकाशाची छोटी चौकोनी चित्रे तयार ठेवायची आणि नजरेपुढे येतील तेवढीच पाठवायची, ही त्याची रीत. झूम एक पायरी वाढवला की चौकोन चौपट होतात. अठराव्या पायरीला साऱ्या जगाचे ६,८७१ कोटींच्या वर. ते फोनमध्ये साठवणे शक्य नव्हते. शिवाय चित्राला रस्ता म्हणजे काय हे कळत नाही, त्यामुळे वाटही सर्व्हरनेच काढायची. ऑक्टोबर २००९ मध्ये गूगलने अँड्रॉइडवर वळणावळणाचे मार्गदर्शन फुकट दिले, तेव्हा टॉमटॉम आणि गार्मिन या यंत्रे विकणाऱ्या कंपन्यांचे शेअर कोसळले. फुकटचे आले, पण रेंजची अट घेऊन आले.

रेंजशिवायच्या नकाशाकडे परतण्याची वाट तांत्रिक होती, तशी कायदेशीरही. चित्रांऐवजी बिंदू आणि रेषांचा हिशेब साठवला, म्हणजे व्हेक्टर नकाशा वापरला, तर अख्खा देश काहीशे मेगाबाइटमध्ये मावू शकतो आणि चित्र फोन स्वतः काढतो. पण तो डेटा कुणाचा? व्यापारी नकाशाच्या प्रत्येक प्रतीला परवाना लागतो. माझ्या मते खरी अडचण साठवणीपेक्षा परवान्याची होती, आणि ती सोडवली ओपनस्ट्रीटमॅपने. स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू केलेला हा नकाशा स्वयंसेवक घडवतात आणि श्रेय देऊन तो कुणीही वाटू शकतो. त्यावर २०१० मध्ये ओस्मअँड हे ॲप उभे राहिले. मॅप्सविथमी म्हणजे नंतरचे मॅप्स.मी पाठोपाठ आले. मॅप्स.मी २०१४ मध्ये रशियाच्या मेल.आरयूने घेतले आणि फुकट केले, २०२० मध्ये ते पुन्हा विकले गेले. मूळ संस्थापकांनी मॅप्स.मीच्या, कुणालाही वापरता येणाऱ्या खुल्या कोडवरून २०२१ मध्ये ऑरगॅनिक मॅप्स काढले आणि २०२५ मध्ये त्यातूनही कोमॅप्स फुटून निघाले. भाऊबंदकी म्हणावी अशी ही कथा. पण चुली वेगळ्या झाल्या तरी विहीर एकच राहिली. या ॲपांत निवड करताना रस्त्यांच्या माहितीत फारसा फरक पडत नाही, फरक पडतो तो वेग, शोध आणि मांडणीत. ओस्मअँडमध्ये जमिनीचा चढउतार दाखवणाऱ्या समोच्च रेषांपासून सगळे आहे, पण त्याच्या सेटिंग्जच्या जंगलात माणूस हरवतो.

मोठ्यांना जाग उशिरा आली. गूगलने नोव्हेंबर २०१५ मध्ये डाउनलोड केलेल्या भागात शोध आणि गाडीचे मार्गदर्शन दिले. पायी जाणाऱ्यासाठी मात्र त्यात मार्ग नव्हता. ॲपलने २०२३ मध्ये आयफोनच्या आयओएस १७ या प्रणालीबरोबर ऑफलाइन नकाशे आणले, तेही चालण्याच्या मार्गासकट.

वाहतूक कोंडी मात्र कुठल्याही फाइलमध्ये भरून नेता येत नाही. ती इतरांच्या फोनवरून त्या क्षणी गोळा होते, त्यामुळे रेंजशिवाय दिसणारी पोहोचण्याची वेळ हा अंदाजच असतो. बाकीचे सगळे घरबसल्या पारखता येते: नकाशा उतरवावा, एअरप्लेन मोड लावावा आणि एखाद्या आडगावाचे नाव टाइप करावे. काही ॲपांत नकाशा छान दिसतो पण नाव सापडत नाही. काहींत नाव सापडते आणि ‘मार्ग दाखवा’ म्हटल्यावर चकरी फिरत राहते.