इंजिनाला नाव नव्हतं, नंबर होता

मूर्तिजापूर, बडनेरा, पुलगाव, गोंदिया या जंक्शनांच्या आसपासच्या खेड्यांत वाफेच्या काळात रेल्वेच्या लोकोत, म्हणजे इंजिन विभागात, नोकरी केलेली माणसं अजून भेटतात. दोघं-तिघं एकत्र बसली की आधी ड्युटीच्या गोष्टी निघतात आणि मग आवडतं इंजिन कोणतं यावर जुंपते. इंग्लंडात अशा गप्पांत नावं आली असती, फ्लाइंग स्कॉट्समन, मॅलार्ड वगैरे. वऱ्हाडात येतात ती अक्षरं: डब्ल्यूपी, डब्ल्यूजी, झेडडी. नाव विचारलंत तर उत्तर ठरलेलं, "इंजिनाले कोन नाव देते, भौ? नंबर राह्यते त्याले."

सुरुवातीला मात्र नावं होती. 1852 मध्ये मुंबईत रुळांच्या कामावर आलेलं इंजिन लॉर्ड फॉकलंड, म्हणजे तेव्हाच्या गव्हर्नरच्या नावाचं. 1853 च्या पहिल्या गाडीला जोडलेली तीन इंजिनं साहिब, सिंध आणि सुलतान या नावांनी सांगितली जातात. पुढे जाळं वाढलं, इंजिनं गठ्ठ्याने मागवली जाऊ लागली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ठरावीक नमुन्याची इंजिनं बनवायचं धोरण आलं आणि शेकड्यांनी येणाऱ्या एकसारख्या यंत्रांचं बारसं करत बसायला कोणाला वेळ उरला नाही. अक्षरांचा हिशेब साधा आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास आलेल्या इंजिनांत डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, वाय म्हणजे मीटरगेज, झेड म्हणजे अडीच फुटी नॅरोगेज. त्यापुढे पी आलं तर पॅसेंजर, जी आलं तर मालगाडी. बंदुकीच्या गोळीसारख्या नाकाची डब्ल्यूपी दिसायला देखणी, म्हणून पोरासोरांची लाडकी. मालगाडीवाले मात्र डब्ल्यूजीच्या बाजूने भांडतात, आणि माझं मत विचाराल तर त्यांचंच खरं. खेचायचं काम तिनेच केलं.

गंमत म्हणजे नावाचा मानही या डब्ल्यूजीलाच मिळाला. चित्तरंजनच्या कारखान्यातून 1950 मध्ये बाहेर पडलेलं पहिलं इंजिन 'देशबंधू', आणि 1970 मधलं तिथलं शेवटचं ब्रॉडगेज वाफेचं इंजिन 'अंतिम सितारा'. पहिल्याला आणि शेवटच्याला नाव, मधल्यांना नंबर.

विदर्भात रूळ आले ते कापसासाठी. अमेरिकेतल्या यादवीत तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाचा भाव चढला. 1867 मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोचली. 1870 मध्ये जलंब-खामगाव फाटा झाला, त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. पाठोपाठ बडनेरा-अमरावती. मुख्य लाइनपासून लांबच्या बाजारपेठा मग अडीच फुटी रुळांनी जोडल्या गेल्या. किलिक निक्सन कंपनीच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वेने पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे मूर्तिजापूरहून एका बाजूला अचलपूर आणि दुसऱ्या बाजूला यवतमाळ गाठलं. पुलगाव-आर्वी हीदेखील त्याच कंपनीची. पूर्वेला गोंदिया, नागभीडकडची नॅरोगेज बंगाल नागपूर रेल्वेची. तिची सीसी इंजिनं वेगळी आणि त्यांचे चाहतेही वेगळे.

यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही लाइन सुमारे 190 किलोमीटर. स्वातंत्र्यानंतर रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, तरी हिची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली. गाड्या सरकारी रेल्वेने चालवायच्या आणि मोबदला कंपनीला द्यायचा. तिच्यावर 1921 मध्ये मँचेस्टरला बनलेलं झेडडी इंजिन 1923 पासून सत्तर वर्षं धावलं. त्याला नाव नव्हतंच. लोकांनी नाव दिलं ते अख्ख्या गाडीला: शकुंतला. शेतातली माणसं वेळ सांगायची तीही तिच्यावरूनच. "शकुंतला गेली का?" याचा अर्थ जेवायची वेळ झाली का.

कामाच्या आठवणींत फायरमनचं ऐकावं. ड्रायव्हरला रुबाब होता, घाम फायरमनचा. बेलच्याने कोळसा नुसता ढकलून चालत नाही. तो पातळ पसरायचा, मागच्या कोपऱ्यांत थोडा जास्त, आणि दार लगेच लावून घ्यायचं, नाहीतर थंड हवा आत शिरून वाफ पडते. धुराड्यातून काळाकुट्ट धूर निघाला की लांबून बघणाऱ्याला वाटतं, काय जोर आहे! फायरमनला कळतं की कोळसा वाया चाललाय. हवा तो फिकट करडा धूर. आपल्याकडच्या कोळशात राख फार. ती वितळून जाळीवर चिकटली की हवा अडते आणि भर गाडीत लांब सळईने तो चिकटलेला थर फोडत बसावं लागतं. हे चालू असताना एक डोळा बॉयलरमधलं पाणी किती ते दाखवणाऱ्या काचेवर. पाणी फार खाली गेलं तर भट्टीचं छत उघडं पडतं, आणि मग गाडी लेट होण्यावर भागत नाही, बॉयलरच फुटू शकतो. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत भट्टीपुढे उभ्या राहिलेल्या माणसाला आवडतं इंजिन कोणतं विचारलं, तर तो शिटी किंवा वेग सांगत नाही. "वाफ धरत होती ते," एवढंच म्हणतो.

15 एप्रिल 1994 ला शकुंतलेचं वाफेचं इंजिन काढून डिझेल लावलं. पुढच्या वर्षी, डिसेंबर 1995 मध्ये, फिरोजपूरकडे ब्रॉडगेजवरची वाफेची नियमित सेवाही संपली. नागपूरला मोतीबागेत 2002 पासून नॅरोगेजचं संग्रहालय आहे, तिथे इंजिनं हात लावून बघता येतात. भट्टीपुढे उभं राहिलेल्यांपैकी सगळ्यांत तरुण माणूसही आता पन्नाशीच्या पुढे गेला आहे, आणि डब्ल्यूजी मोठी की झेडडी याचा निकाल त्यांच्यात अजून लागलेला नाही.